आराखड्याच्या बैठकीत पालक नुसती सही करून जातात. त्यांना सोबत कसं घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या एका अनुदानित शाळेत नव्याने रुजू झालेल्या विशेष शिक्षिकेने विचारलंय: "जूनमध्ये आम्ही प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे वर्षभरात त्याला काय आणि कसं शिकवायचं याचा कागद, करतो आणि पालकांना बैठकीला बोलावतो. पालक येतात, ‘तुम्ही कराल ते बरोबरच असेल, बाई’ म्हणतात, सही करतात आणि जातात. काही तर येतच नाहीत. नंतर घरी काहीच करून घेतलं जात नाही. पालकांना खरोखर सहभागी करायचं तर काय करावं?"

आधी त्या ‘तुम्ही कराल ते बरोबरच’बद्दल बोलते, कारण तिथेच आपला समज चुकतो. ते ऐकलं की वाटतं, यांना फिकीर नाही, सगळं शाळेवर टाकून मोकळे झालेत. पण तुमच्यासमोर बसलेली आई तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी किती टेबलांसमोर बसून आलीय ते बघा. बालरोगतज्ज्ञ झाले, जिल्हा रुग्णालयातली दिव्यांग प्रमाणपत्राची रांग झाली, युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, सायबर कॅफेच्या चकरा झाल्या, एकदोन शाळांनी ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून वाटेला लावलं. यातल्या बऱ्याच ठिकाणी तिला प्रश्न विचारले गेले ते तिचं काय चुकलं हे काढायला. गरोदरपणात काय खाल्लं, नात्यात लग्न झालंय का, एवढे दिवस का थांबलात. कागद घेऊन बसलेल्या माणसांपुढे कमी बोललेलं बरं, हे ती तिथेच शिकते. त्यात आणखी एक धास्ती असते, जी कुणी तोंडावर बोलत नाही: आपण काही वेगळं म्हटलं आणि बाईंना राग आला तर? पोराचं नाव शाळेतून काढलं तर? तालुक्यात दुसरी शाळा नाही.

त्यामुळे ‘पालक जागृती’ची भाषणं ठेवून हा प्रश्न सुटत नाही. बदल करायचा तो आपल्या बाजूने करावा लागतो, आणि तो बैठकीच्या आधी सुरू होतो.

बहुतेक शाळांत काय होतं? मूल्यमापन झालेलं असतं, वार्षिक उद्दिष्टं लिहून झालेली असतात, तिमाहीचे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले असतात. पालकांसाठी शिल्लक राहतो एकच रकाना, सहीचा. अशा कागदावर माणूस बोलणार काय? ‘हे खोडा आणि दुसरं लिहा’ असं म्हणायची हिंमत पदवीधर बापालाही होत नाही. माझं सगळं उत्तर एका वाक्यात मागितलंत तर ते हे: मुलाला आज काय येतं ती पातळी पूर्ण लिहून बैठकीला बसा, पण उद्दिष्टांचा रकाना कोरा ठेवा. तुमच्या मनात उद्दिष्टं असणारच, असायलाही हवीत. ती कच्च्या कागदावर असू द्या. पक्क्या कागदावरची पहिली ओळ घरातून आली पाहिजे.

तपासणीला फाइल पूर्ण लागते, हे मला माहीत आहे. वर्गात आठ-दहा मुलं असतील आणि रोज दोन घरांना प्रत्येकी अर्धा तास दिला तर एका आठवड्यात सगळ्या बैठका होतात. सगळ्या पालकांना एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये बसवून होतो तो मेळावा. त्याला आराखड्याची बैठक म्हणू नये.

बैठकीआधी एकदा घरी जा. जमलं नाही तर फोन करा, पण निवांत वेळ काढून. आणि त्या बोलण्यात ‘तुमच्या अपेक्षा काय आहेत?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. ‘चांगला व्हावा’, ‘स्वतःच्या पायावर उभा राहावा’ एवढंच हाती येतं. त्याऐवजी कालचा दिवस विचारा. काल सकाळी उठल्यापासून काय काय झालं? उठवलं कुणी? दात घासताना कोण होतं? जेवताना त्याने काय मागितलं, आणि कसं मागितलं? कोणत्या वेळेला तुमचा जीव मेटाकुटीला येतो? घरात तो कुणाचं ऐकतो? या प्रश्नांना प्रत्येक आईकडे उत्तर असतं, आणि ते सांगताना तिला चुकण्याची भीती नसते, कारण कालचा दिवस तिच्याइतका कुणालाच माहीत नसतो.

यातून काय हाती लागतं त्याचं एक उदाहरण देते. एक मुलगा होता, नऊ वर्षांचा, डाउन सिंड्रोम. मुलाला काय येतं आणि काय नाही हे अधिक-वजा चिन्हांनी नोंदवायची एफएसीपी तपासणी सूची आपल्याकडे बऱ्याच शाळांत वापरतात, सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली, तीच आम्हीही वापरायचो. तीत शैक्षणिक क्षेत्रात ‘पाचपर्यंत वस्तू मोजतो’समोर वजा चिन्ह होतं. मणी दिले की तो हाताला येतील तेवढे उचलायचा. त्या वर्षी आई खुरपणीला गेली होती म्हणून बैठकीला आजी आली. मणी मोजण्याचं सांगितल्यावर आजी म्हणाली, "मोजता येत न्हाई खरं, पण ताटं बरोबर मांडतोय बघा." आम्ही खोदून विचारलं. घरात सात माणसं, तर सात ताटं. चुलता साखर कारखान्यावर रात्रपाळीला असेल त्या दिवशी सहा. पाहुणा आला की न सांगता एक जास्त. थोरली बहीण मामाकडे गेली होती, तेव्हा कुणीतरी चुकून तिचं ताट मांडलं, तर याने ते उचलून परत फळीवर ठेवलं.

म्हणजे एकास-एक संगती, एका माणसाला एक ताट अशी जोडी लावणं, त्या मुलाला पक्की येत होती. माणसांच्या जोडीने येत होती, मण्यांच्या जोडीने नाही. आम्ही वर्षभर मणी घेऊन बसलो असतो आणि मार्चमध्ये पुन्हा वजा मांडला असता. त्याऐवजी उद्दिष्ट असं लिहिलं: मधल्या सुट्टीत हजर मुलांएवढ्या थाळ्या तो मांडेल, आधी एकेकाचं नाव घेऊन, मग तेच मोठ्याने मोजत. घरी आजीने ताटं मांडताना ‘आई एक, आण्णा दोन’ असं म्हणायचं, बस्स, एवढंच तिचं काम. दुसऱ्या तिमाहीत पाचपर्यंतची मोजणी आली आणि मग मण्यांवरही आली. ही माहिती कोणत्याही सूचीत मिळाली नसती. आजी त्यानंतरच्या बैठकांना ‘मला काय कळतंय’ न म्हणता येऊन बसायची आणि आपणहून सांगायची, हे त्या उद्दिष्टाइतकंच मोलाचं.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं आहे, जिथे आपल्या अधिक चिन्हाखाली खरी अडचण दडलेली होती. अकरा वर्षांची मुलगी. ‘स्वच्छतागृहाचा वापर करते’ याला शाळेत अधिक, कारण शाळेत ताई दर तासाला सगळ्यांना रांगेने नेत होत्या. आईला कालचा दिवस विचारला, मग मागचा महिना विचारला, तेव्हा ती म्हणाली की घरातल्या एकाही लग्नाला ती स्वतः गेली नाही. पोरीला न्यावं तर ती सांगत नाही, कपडे भरतात, सगळ्यांदेखत शोभा होते. एसटीत तर नकोच. म्हणजे मुलगी वापर करत होती, सांगत नव्हती. घड्याळ आमचं होतं, तिचं नव्हतं.

तिथे उद्दिष्ट आईच्याच बोलीत लिहिलं: ‘लग्नात, एसटीत, पाहुण्यांकडे असताना लघवीला लागली की आधी खुणेने सांगेल.’ त्याखाली आपल्या पद्धतीने टप्पे आले: एकच ठरलेली खूण, शाळेत आणि घरी तीच, सुरुवातीला हाताला धरून, मग शब्दाने आठवण करून, मग आपणहून, दहापैकी आठ वेळा सांगितलं की उद्दिष्ट साध्य. पण त्यासाठी शाळेला आपली रांगेची पद्धत त्या मुलीपुरती बंद करावी लागली. तिने खूण करेपर्यंत थांबायचं, चार दिवस फरशी पुसावी लागली तरी चालेल. भागीदारी म्हणतात ती इथे कळते. पालकांच्या म्हणण्याने शाळेचं वेळापत्रक बदलतं का? आजवर एकदाही बदललं नसेल, तर पालकांना बोलून काही होत नाही हे त्यांनी बरोबर ओळखलेलं आहे.

आता बैठकीच्या खोलीबद्दल. मुख्याध्यापक, विशेष शिक्षिका, मानसतज्ज्ञ, वाचाउपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, सामाजिक कार्यकर्ता अशी सहा माणसं टेबलाच्या एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला कडेवर धाकटं मूल घेतलेली एकटी आई. ही मांडणीच बोलू देत नाही. टेबल बाजूला करा, सगळ्यांना सारख्या खुर्च्या द्या, आणि ज्यांचं त्या मुलाशी त्या वर्षी खरंच काम आहे एवढेच जण बसा, बाकीच्यांचं म्हणणं आधी लिहून घ्या. आईला सांगून ठेवा की सोबत कुणाला आणायचं असेल तर आणा, बहीण, शेजारीण, दुसऱ्या एखाद्या मुलाची आई, कुणीही. पहिली दहा मिनिटं पालकांची. आपण फक्त लिहून घ्यायचं, आणि ते त्यांच्याच शब्दांत, त्यांना दिसेल असं. मधे ‘हो, पण’ म्हणायचं नाही.

बुद्ध्यांकाचा आकडा बैठकीत मोठ्याने वाचू नका. तो फाइलमध्ये आहे, प्रमाणपत्रावर आहे, त्याचा उपयोग त्या दिवशी नाही. तो उच्चारला की घरी जाताना त्यांना तेवढाच आठवतो. आपली परिभाषाही आवरा. ‘सूक्ष्म कारक कौशल्यात उणीव’ म्हणण्याऐवजी ‘शर्टाची बटणं लावताना बोटं जमत नाहीत’ म्हणा. आई लगेच सांगेल की चैन ओढता येते, अडतं ते फक्त बटणाशी. आणि मूल खोलीत असेल तर त्याच्याबद्दल ते तिथे नसल्यासारखं बोलू नका. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना थोडा वेळ तरी बसवाच. दोन चित्रं पुढे ठेवून ‘यातलं काय शिकायचं?’ विचारलं तरी बोट ठेवतात.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. मेळघाटात घरी कोरकू, नंदुरबारकडे भिल्लांच्या बोली, तांड्यावर गोरमाटी, जतकडे कन्नड. बैठक प्रमाण मराठीत चालली की ही माणसं मान डोलावतात आणि आपण ती संमती समजतो. गावातली आशाताई किंवा त्याच भाषेतली दुसरी एखादी पालक दुभाषी म्हणून घ्या. मुलाच्या शाळकरी बहिणीला मात्र या कामाला बसवू नका. भावाबद्दलच्या अवघड गोष्टी तिच्या तोंडून आईला ऐकवायच्या, हे तिच्यावर फार होतं.

जे येतच नाहीत त्यांच्याबद्दल. रोजंदारी बुडवून यायचं म्हणजे त्या दिवसाचा हजेरीचा पैसा गेला, वर प्रवासखर्च. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला येणं होतंच, तो दिवस द्या. सोयाबीन काढणीच्या किंवा कांदा लागवडीच्या दिवसांत बैठक ठेवली आणि कुणी आलं नाही, तर त्याला अनास्था म्हणू नका. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची बैठक ते गाव सोडायच्या आधी, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास उरकून घ्या आणि मूल आजीपाशी राहणार की सोबत जाणार हे तेव्हाच विचारा, म्हणजे पुढचे पाच-सहा महिने आराखडा कोणाच्या हाती आहे ते कळेल. फोनवर बैठक केली तरी ती बैठकच असते.

वडिलांचं वेगळं सांगायला हवं. शाळेत नोंदवलेला नंबर त्यांचा, निर्णय त्यांचे, आणि बैठकीला आई. मग आईने होकार दिलेली गोष्ट रात्री घरी बारगळते. वडिलांना ‘तुम्ही पण या’ एवढं सांगून भागत नाही, त्यांना एक ठरावीक प्रश्न देऊन बोलवा. एका वडिलांना मी फोनवर विचारलं होतं, तुमच्या मुलाने शिकावी अशी एकच गोष्ट कोणती? ते म्हणाले, सही. मुलगा पंधरा वर्षांचा, अक्षरओळख नव्हती. शिक्षकांना ते व्यर्थ वाटलं, वाचता येत नाही तर सहीचं काय करायचं? वडील बैठकीला आले आणि त्यांनी कारण सांगितलं. ते स्वतः अंगठा लावतात. बँकेत, सोसायटीत, तलाठ्याकडे शाईचं बोट पुसत उभं राहणं काय असतं ते त्यांना ठाऊक होतं, आणि आधीच लोक ज्याला वेडा म्हणतात त्या मुलावर ती वेळ येऊ नये एवढंच त्यांचं मागणं होतं. ते उद्दिष्ट आराखड्यात गेलं. नावाची तीन अक्षरं, आधी रांगोळीत, मग गिरवून, मग ठिपके जोडून, मग चौकटीत. हाताची पकड, डावीकडून उजवीकडे जाणं, स्वतःचं नाव ओळखणं हे सगळं त्यात आलंच, जे आम्हाला एरवीही शिकवायचं होतं. फरक एवढाच पडला की वडील रोज संध्याकाळी अंगणात रांगोळी घेऊन बसायला लागले. तुमच्या उद्दिष्टासाठी ते बसले नसते.

यातच तुमच्या ‘घरी करून घेत नाहीत’ या तक्रारीचं उत्तर आहे, पण ते आणखी थोडं उलगडते. आपण घरी पाठवतो ते वर्गातलं काम: वर्कशीट, रंगांची कार्डं, मण्यांची माळ. शेतावरून सहाला परतलेली बाई पाणी भरेल, चूल बघेल, की ‘लाल कुठे, पिवळा कुठे’ करत बसेल? आईला दुसरी शिक्षिका करायचा अट्टहास सोडा. तिच्याकडून घ्यायचं ते एकच काम, आणि तेही जे घरात रोज होतंच त्याच्यातच मिसळलेलं. आंघोळीनंतर बनियन स्वतः घालायला दोन मिनिटं जास्त देणं. शेळीला चारा टाकताना ‘थोडा’ आणि ‘जास्त’ म्हणणं. बैठकीतच विचारून लिहा: कोण करेल, दिवसात कधी करेल, आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी काय. कुणी ‘आत्ता जमणार नाही’ म्हटलं तर त्यांना ओशाळं करू नका. खरं सांगितलंय त्यांनी. खोट्या होकारापेक्षा त्या नकारावर चांगला आराखडा उभा राहतो. तेवढी जबाबदारी मग शाळेने उचलायची.

मतभेद होतील. व्हायलाच हवेत, वर्षभर एकाही बैठकीत पालकांनी ‘नको’ म्हटलं नसेल तर मला काळजी वाटते. चौदा वर्षांच्या मुलाला तुम्ही पूर्वव्यावसायिक गटात, म्हणजे कामधंद्याची पूर्वतयारी करून घेणाऱ्या गटात, घालू म्हणता आणि वडील इंग्रजी मुळाक्षरांवर अडून बसतात. तिथे वाद जिंकायला जाऊ नका. दोन्ही लिहा, पालकांच्या उद्दिष्टाला एका तिमाहीची मुदत द्या, पण मग ते मनापासून शिकवा आणि नोंदी ठेवा. तीन महिन्यांनी त्याच नोंदी समोर ठेवून बोला. कधी पालकांचं बरोबर ठरतं, कधी तेच ‘राहू द्या’ म्हणतात, आणि ते त्यांनी म्हटलेलं असतं.

एक गोष्ट मात्र तिमाहीवर सोडता येत नाही, ती म्हणजे औषध. आकडीची गोळी देवऋषाच्या सांगण्यावरून किंवा ‘आता वर्षभर फिट आली नाही’ म्हणून बंद केली जाते आणि वर्गात मूल पेंगायला लागतं किंवा पडतं. गोळी अचानक थांबवल्याने आकड्या वाढू शकतात, जिवावरही बेतू शकतं, हे स्पष्ट सांगायचंच. पण रागावून सांगितलंत तर पुढच्या वेळी ते लपवतील. ‘गोळी चालू आहे ना?’ असं विचारलं की ‘हो’च येतं. ‘शेवटची पट्टी कधी आणली?’ विचारा. देवऋषाकडे जाणं थांबवायला सांगू नका, गोळी चालू ठेवायला सांगा. आणि संपली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवायची सोय बघा.

कायद्याचंही थोडं. अमेरिकेत 1975 च्या कायद्यापासून असा वैयक्तिक आराखडा बंधनकारक आहे आणि पालक तो ठरवणाऱ्या चमूचे सदस्य असतात. पहिल्या मूल्यमापनाआधी त्यांची संमती लागते. आपल्याकडे इतकं बांधील कलम नाही, पण हात अगदीच रिकामे नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 16 मध्ये मुलाला गरजेनुसार वैयक्तिक आधार देणं आणि त्याचा सहभाग व प्रगती यांवर लक्ष ठेवणं ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी सांगितली आहे. कलम 31 प्रमाणे 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे पालकांना तुम्ही स्वतः पहिल्याच बैठकीत सांगा. नाव काढलं जाण्याची ती धास्ती मी वर म्हटली, तिच्यावर याहून चांगला उतारा नाही. सर्वसाधारण सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यायचं असतं, आणि 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं त्या घटकात आली. जिल्हा परिषद शाळांत जाणाऱ्या फिरत्या विशेष शिक्षकांनी हा मुद्दा मुख्याध्यापकांपुढे मांडावा. शिवाय तिथल्या बैठकीला वर्गशिक्षकांना बसवावंच. नाहीतर आराखडा फिरत्या शिक्षकाच्या पिशवीत राहतो आणि मूल वर्गात शेवटच्या बाकावर.

मूल चौदा-पंधराचं झालं की बैठकीत अठरानंतरचा विषय काढायला सुरुवात करा. सगळ्या पालकांच्या मनात तो असतो, ‘आमच्यानंतर काय’, पण आपण काढल्याशिवाय ते काढत नाहीत. फार थोड्यांना ठाऊक असतं की मूल अठरा वर्षांचं झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा 1999 आहे. त्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिच्या अध्यक्षस्थानी असतात, आणि गरज असेल तिथे पालकत्वासाठी तिथे अर्ज करता येतो. त्याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. पण फक्त योजना सांगून थांबू नका. अठराव्या वर्षी या मुलाचा दिवस कसा जाईल, हे पालकांसोबत बोला आणि तिथून मागे येत आजची उद्दिष्टं ठरवा. दुकानातून दूध-साखर आणता येणं, मोबाइलवरून एक ठरलेला नंबर लावता येणं, अनोळखी माणसाने अंगाला हात लावला तर ओरडता येणं. या शेवटच्या मुद्द्यावर आया फार बोलतात. मुलींच्या तर बोलतातच, मुलांच्याही. त्यासाठी वेळ राखून ठेवा आणि खोलीत माणसं कमी ठेवा.

बैठक संपताना आराखड्याची प्रत त्यांच्या हातात गेली पाहिजे. तो कागद त्यांचाही आहे. वाचता येत नसेल तर चार वाक्यांत बोलून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ पाठवा: या तिमाहीत काय शिकवणार, शाळा काय करणार, तुम्ही काय करणार, परत कधी भेटणार. तो ऑडिओ घरात सगळे ऐकतात. बैठकीला न आलेली माणसंही ऐकतात, आणि पुष्कळदा काम तीच करत असतात. पुढची तारीख तिथेच ठरवा, त्यांच्या सोयीने. मधल्या काळात एकदा तरी फक्त चांगलं सांगायला फोन करा. शाळेचा नंबर दिसला की बहुतेक पालकांच्या पोटात गोळा येतो, कारण आपण फोन करतो ते मूल पडलं, चावलं, ताप आला म्हणून. तिमाही आढाव्यात पहिली चर्चा पालकांच्या उद्दिष्टाची करा, आपल्या उद्दिष्टांची नंतर. आणि ते साध्य झालं नसेल तर ‘घरी झालं नाही’ असा शेरा लिहायच्या आधी आपण ठरवलेला टप्पा फार मोठा होता का ते तपासा. पुष्कळदा तसंच निघतं.

या वर्षी सगळ्या वर्गाचं एकदम करायला जाऊ नका. तीन घरं निवडा. ज्यांच्याशी आधीच चांगलं बोलणं आहे ती दोन, आणि जे कधीच येत नाहीत त्यांतलं एक. त्या तिसऱ्या घरी जूनच्या आधी, मेच्या सुट्टीतच जाऊन या, फाइल न नेता. मुख्याध्यापकांना आधी विश्वासात घ्या की या तीन आराखड्यांत उद्दिष्टांचा रकाना बैठकीनंतर भरला जाईल, म्हणजे फाइल उशिरा आली म्हणून कुणी तुम्हाला बोलणार नाही. सप्टेंबरच्या आढाव्यात हे तीन आराखडे सहकाऱ्यांपुढे ठेवा. पुढच्या वर्षी वर्गातल्या बाकीच्या घरांसाठी वेळ मागायला तेवढं पुरेसं होईल.